पोकळ बेहड्याचा कायदा

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. समोर उकिडव्या बसलेल्या कोंडू गवळ्याला तर नाहीच. त्याचा स्वतःच्या म्हशीवरही भरवसा नाही. तरी ऐका.

एका दाट रानात वाघाचं राज्य होतं. रीतसर. दर पाच पावसाळ्यांनी हरणं त्याला निवडून द्यायची आणि पुढची निवडणूक येईतो लपून बसायची.

त्याच रानात भागोजी नावाचा म्हातारा धनेश पक्षी होता. फळं खायची, बिया लांब नेऊन टाकायच्या, एवढाच त्याचा उद्योग. निम्मं रान त्याच्या वाडवडलांनी असंच लावलेलं. यंदा त्याची बायको जनी जुन्या बेहड्याच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. धनेशिणीची रीतच अशी, की ढोलीचं दार आतून लिंपून घ्यायचं, पिसं गाळायची, आणि फटीतून नवरा भरवील ते खायचं. त्या दिवसांत ती उडूही शकत नाही.

अशात वाघोबांना रान वाचवायची लहर आली. त्यासाठी वाळवंटातून तज्ज्ञ उंट आणवला. उंट दोन दिवस हिंडला, दोन्ही दिवस शिंकत होता. मग त्यानं अहवाल दिला, की पोकळ झाडं रोगट, ती पाडावीत. 'पोकळ ते पाडा' म्हटल्यावर दरबारात चुळबूळ झाली, तेव्हा हे फक्त झाडांपुरतंच आहे असा खुलासा निघाला. माकडं फांद्या हलवत गर्जू लागली, "पोकळ हटवा, रान टिकवा!"

बेहड्यावर चुन्याची फुली पडली. भागोजी धावत दरबारात गेला. ढोली गेली तर आम्ही नाही, आम्ही नाही तर बी नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

कोल्हा सचिव अदबीनं म्हणाला, "काका, हे कुठं शिकलात?"

"बापानं झाडं दाखवली, त्याच्यामागं उडत."

"म्हणजे अनुभव. अनुभवाला अर्जात रकाना नाही हो."

दुसऱ्या सकाळी गवे आले. भागोजी चोचीतलं उंबर फटीतून आत देत होता. गव्यांनी खोडावर शिंगं रोखली.

"कोण आलंय हो?" आतून जनीनं विचारलं.

"सरकार आलंय, आपलं रक्षण करायला. तू लिंपण घट्ट कर."

इतक्यात खुद्द वाघोबा आले. त्यांनी गव्यांना थांबवलं, मान वर केली आणि म्हणाले, "भागोजीबुवा, तुम्ही इथले जुने. काय करावं, तुम्हीच सांगा."

कोंडूनं विडी विझवली. हरणांचं मत, उंटाचा अहवाल, सगळं त्यानं निमूट ऐकून घेतलं होतं.

"ही थाप," तो म्हणाला. "पाडायच्या आधी विचारलं म्हणे. बेहडा कधी पडला, तेवढं सांग."