साहेब, तुम्ही आत कसे गेलात?

यमुनाबाई शेटे यांना घरावर बांधलेला नवा मजला दवाखान्यातल्या दोन नर्सना भाड्याने द्यायचा होता. बांधकाम संपून पाच महिने झाले होते, कागदपत्रं चोख होती. पण नगरपालिकेचे हळदणकर साहेब पाहणीलाच येईनात. वर दरडावत, "भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राहणं सोडा, पाऊलसुद्धा ठेवायचं नाही!" त्या मुली दुसरी जागा शोधू लागल्या, तसा यमुनाबाईंचा जीव टांगणीला लागला.

पुढच्या खेपेला त्या नगरपालिकेच्या नव्याकोऱ्या इमारतीसमोर रस्त्यावरच उभ्या राहिल्या. साहेबांनी खिडकीतून हाक मारली, "अहो बाई, वर या की!"

"कशी येऊ? शिपाईदादा म्हणाले, या इमारतीलाच अजून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही. अशा जागी पाऊल ठेवायचं नाही, हे तुम्हीच बजावलंत. पण साहेब, तुम्ही आत कसे गेलात?"

चहाच्या टपरीवरची माणसं खो खो हसली. साहेब धावतच खाली आले आणि म्हणाले, "चला, आत्ताच पाहणी करू."

संध्याकाळी प्रमाणपत्र यमुनाबाईंच्या हातात पडलं. सोमवारी त्या मुलींनी नव्या जागेत हौसेने दूध उतू घातलं.