रंगाचा एकच हात
एका राज्यात डोंगर होते, नदी होती, भातशेते होती, रंग तेवढा कशालाच नव्हता. सगळे काळ्या रेघांचे. पिकला आंबा कोणता नि कच्चा कोणता हे चावल्यावरच कळे, त्यामुळे निम्मी प्रजा तोंड वाकडे करूनच हिंडे.

याला कारण राजाची जीभ. कज्जलनाथ नावाच्या मांत्रिकाने शाईने राज्याचे चित्र काढून नजर केले, तर राजा म्हणाला, "नुसत्या रेघा? रंग काय तुझा आजा भरणार?"

मांत्रिक कडाडला, "तुझे राज्यही असेच होवो! या चित्रात कोणी रंग भरील तेव्हाच सुटाल."

दरबारचा चितारी पुढे झाला. चित्रातल्या आमराईवर त्याने कुंचला फिरवला, मनासारखे झाले नाही म्हणून पुन्हा फिरवला. शाई फुटली, रेघा वाहून गेल्या, आणि नदीकाठची खरी आमराई जागेवरून नाहीशी झाली. मग कोणाची छाती होईना.

इकडे रेघा झिजू लागल्या. चित्रात गडाच्या सज्जात राणी हेमांगी उभी होती, तिळाएवढी. तिची रेघ सर्वांत बारीक. एके सकाळी राजकन्या वल्लरीला आईच्या आरपार भिंत दिसली.

"आई पुसली जाताना मी बघत बसणार नाही," ती म्हणाली.

मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून सुटून आलेली एक साळुंकी खिडकीत बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, त्याची शाई कच्ची. एका जागी कुंचला एकदाच सोसते. आधी फिका रंग, मग गडद. आणि चुकलीस तर चुकलीस. परत हात लावायचा नाही."

वल्लरी म्हणजे वेणीसुद्धा चारदा सोडून घालणारी. तिला ऐकूनच घाम फुटला.

रंग होते राज्याबाहेर. हळदीच्या रानातली यक्षिणी म्हणाली, "मला हसव." वल्लरीने चिताऱ्याची नक्कल केली, यक्षिणी गडबडा लोळली, पिवळा मिळाला. निळा नाग म्हणाला, "माझी कात न फाडता काढ." तिने श्वास रोखून काढली, निळा मिळाला. तिसरा भेटला तो एक राक्षस, विडा चघळत बसलेला. "वाटी धर," म्हणाला आणि पचकन थुंकला. वल्लरीने नाक दाबून लाल घेतला.

भर दरबारात ती चित्रापुढे बसली. पातळ पिवळा आभाळावर पसरला, आणि बाहेर ऊन सोन्यासारखे झाले. लाल राणीच्या लुगड्याला, कौलांना. निळा नदीला, दूरच्या डोंगरांना. शेवटी पिवळ्यात निळा मिसळून शेते हिरवी केली. लोक नाचू लागले. तिने कुंचला उचलला, आणि टपकन एक हिरवा थेंब राणीच्या डोक्यावर पडला.

वल्लरीने पुसायला झटकन कापडाचा बोळा घेतला.

"पूस की," दारातून कज्जलनाथ गोड आवाजात म्हणाला. "एवढासा तर डाग."

"हात मागे!" साळुंकी किंचाळली.

वल्लरीची बोटे शिवशिवत होती. आईचे केस कसे काळेभोर होते! पण पुसावे तर आईच जाईल. तिने बोळा खिडकीबाहेर फेकला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. थेंब सावकाश सुकला. रेघ हलली नाही.

शाप सुटला. राजाने कान धरले, पुन्हा अशी जीभ चालवणार नाही म्हणाला. कज्जलनाथानेही मान तुकवली, पक्क्या शाईने आमराई पुन्हा काढून दिली आणि आपल्या वाटेने गेला.

सज्जातून राणी धावत आली. लाल लुगडे, गव्हाळ कांती, आणि केस पोपटासारखे हिरवेगार.

"आई, माझ्या हातून..." वल्लरीने आरसा पुढे केला.

राणीने आरशात पाहिले. मग लेकीला घट्ट कवेत घेतले. "हिरवे तर हिरवे. ज्या डोक्यावर आहेत ते तर जागेवर आहे ना? चल, वेणी घाल माझी."

वल्लरीने वेणी घातली. जरा वाकडीच झाली. तशीच राहू दिली. त्यांचे रंग त्यांना लाभले, तुमचे तुम्हाला लाभोत.