विसावी मुलगी

आंबेखोलच्या सरपंच कुंदाताई ठोंबरे शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे चौथ्यांदा गेल्या होत्या. गावातली शाळा आठवीला संपायची आणि पुढची शाळा खाडीपलीकडे होती. तिकडे मुलींना कुणी धाडत नसे. आठवी झाली की घरात स्थळांच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

अध्यक्ष अण्णासाहेब सरनोबतांना मुलींचा वर्ग नकोच होता, पण तसं तोंडावर म्हणायचं नव्हतं. ते हसून म्हणाले, "संस्थेचा नियम आहे, ताई. आठवी पास वीस मुली आणा, सोमवारी नववी सुरू करतो. एकही कमी चालणार नाही." गावात अशा मुली एकोणीसच आहेत, याची चौकशी त्यांनी आधीच केली होती.

सोमवारी कुंदाताई एकोणीस मुली घेऊन हजर झाल्या. अण्णासाहेबांनी दोनदा मोजलं. "एक कमी आहे."

कुंदाताईंनी पिशवीतून पिवळा पडलेला दाखला काढला. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या आठवी पास झाल्या होत्या. "विसावी मी."

"तुम्ही? या वयात?"

"नियमात वय कुठं लिहिलंय ते दाखवा."

"अहो, सरपंचांनी पोरींबरोबर बाकावर बसायचं? शोभतं का?"

"पहिल्याच बाकावर बसेन. म्हणजे तुमचे मास्तर रोज वर्गावर येतात की नाही, तेही सरपंचांना कळेल."

मुली खुदकन हसल्या. अण्णासाहेबांनी मुकाट्यानं सही केली.

दोन वर्षांनी वीसच्या वीस जणी दहावी पास झाल्या. कुंदाताईंना गणितात काठावरचे पस्तीस पडले, पण गावभर पेढे वाटत त्याच फिरल्या.