मोगऱ्याच्या पाकळीचा कौल

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार पूर्वीची. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात देऊळ होतं आणि देवळात काळ्या पाषाणाचा देव होता. स्वतःचं डोकं चालवायचा कंटाळा आला, की गाव त्या देवाला कौल मागायचं.

कौलाची रीत साधी होती. गुरव मूर्ती ओली करी आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याचं एकेक फूल चिकटवी. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. फूल पडेपर्यंत कौल मागणाऱ्याने आणि गावच्या मानकऱ्याने देवासमोर शेजारी शेजारी बसायचं. सूर्य मावळला तरी फूल पडलं नाही, तर दुसऱ्या सकाळी नवी फुलं लावायची. तोवर मागणारा देवाचा पाहुणा. त्याने देवळाच्या ओवरीत राहायचं आणि प्रसादाचा भात खायचा.

आता खरं सांगायचं तर मूर्ती होती फार जुनी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने तिचा डावा खांदा झिजून उतरता झाला होता. त्यामुळे बहुतेक वेळा डावंच फूल आधी पडायचं. लोक म्हणत, "आपला देव मोठा कडक!" खांद्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

एका उन्हाळ्यात त्या गावात भिवा नावाचा बुरूड आला. सुपं आणि टोपल्या विणून तो पोट भरायचा. त्याचं गाव वणव्यात जळून गेलं होतं. बरोबर बायको होती, आणि तिचे दिवस भरत आले होते.

"एका खोपटापुरती जागा द्या," तो हात जोडून म्हणाला. "पुढचं गाव रानापलीकडे आहे. एवढं रान हिच्याने चालवणार नाही."

गावचा मानकरी होता आबा. मनाने वाईट नव्हता, पण भित्रा होता. आणि भित्र्या माणसाच्या हाती अधिकार आला, की तो कठोर होतो.

"विहिरीने तळ गाठलाय. आम्हालाच पाणी पुरत नाही," आबा म्हणाला. "उद्या कौल लावू. देव नाही म्हणाला, तर लगेच निघायचं."

हे सगळं चिमाई ऐकत होती. देवाला फुलं द्यायचा मान तिच्याकडे होता. म्हातारी अशी फटकळ, की तिच्या वाटेला कुणी जात नसे. तिने कंबर धरून बसलेल्या त्या बाईकडे एकदा पाहिलं आणि साऱ्या गावाच्या नावाने बोटं मोडत ती घरी गेली.

सकाळी तिच्या परडीत चाफा नव्हता. मोगऱ्याच्या सुट्या पाकळ्या होत्या, पातळ आणि नाजूक.

"चाफा कुठंय गो?" गुरवाने विचारलं.

"यंदा बहरच नाही."

गुरवाचं घर चिमाईच्या शेजारीच होतं. तिच्या चाफ्याच्या फुलांचा सडा त्याच सकाळी त्याने स्वतःच्या अंगणातून झाडून काढला होता. त्याने दाढी खाजवली.

"नसेल, नसेल," तो म्हणाला आणि पाकळ्या लावायला लागला.

ओल्या दगडावर त्या अशा बसल्या, की हलेचनात. दिवस मावळला, कौल झाला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

आबाची मात्र पंचाईत झाली. दिवसभर बसायचं, तेही नको असलेल्या माणसाशेजारी! पहिल्या दिवशी त्याने भिवाकडे पाठ फिरवली. पुढे पाठ अवघडली. मग सुपारीचं खांड दिलं, मग विषय निघाला जावयाचा. आबाने जावयाच्या तक्रारी सांगितल्या, भिवाने आपल्या सासऱ्याच्या. दोघं एवढे हसले, की गुरवाला दटावावं लागलं.

अशातच भिवाच्या बायकोला ओवरीत मुलगी झाली. पाणी नाही म्हणणाऱ्या त्या गावातून बायका आपापल्या घागरी घेऊन धावल्या. कुणी तेल आणलं, कुणी जुनं मऊ लुगडं.

पण लपवाछपवी किती दिवस टिकणार? एका संध्याकाळी आबा गुरवाच्या घरी गेला आणि त्याला अंगणभर चाफा दिसला. तो तडक चिमाईच्या कुंपणाशी गेला.

"चिमाई! देवाला फसवतेस?"

"देवाच्या तोंडी मी शब्द घातला नाही रे आबा," ती म्हणाली. "त्याला घाई तेवढी करू दिली नाही."

"ते काही नाही. उद्या चाफा आण. रीत ती रीत!"

चिमाईचा नाइलाज झाला. सकाळी तिने चाफा आणला, पण परडी गुरवाच्या हातात देताना तिला रडू आवरेना. भिवाने गाठोडं बांधून ठेवलं होतं. बायकोने तान्हीला छातीशी घट्ट धरलं होतं. सगळं गाव जमलं होतं आणि सगळ्यांचे डोळे देवाच्या त्या उतरत्या खांद्यावर होते.

गुरवाने फुलं लावली. आबा गाऱ्हाणं, म्हणजे कौलाआधीची विनवणी, घालायला उभा राहिला. गाऱ्हाण्याचे शब्द ठरलेले होते.

"देवा महाराजा," त्याने सुरुवात केली, "हा माणूस कोण, कुठला, आम्हाला ठाऊक नाही..."

आणि तो अडखळला. भिवाचं गाव त्याला ठाऊक होतं, सासऱ्याचा स्वभाव ठाऊक होता, तान्हीचं नाव काय ठेवणार तेही ठाऊक होतं. देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं? रात्रभर धुमसणारा त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"देवा, चुकलो," तो शेवटी म्हणाला. "हा आपला भिवा आहे. तुला विचारायचं काही उरलं नाही."

भिवाची बायको मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. पण ते रडणं सुटकेचं होतं. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, पुरुष खोपटाची जागा ठरवायला लागले, आणि चिमाई डोळे पुसत सगळ्यांवर खेकसली, की बाळंतिणीला वाऱ्यात काय बसवता!

त्या गडबडीत एक फूल टपकन खाली पडलं. उजवं की डावं, ते कुणी पाहिलंच नाही.

म्हणून लक्षात ठेवा: परक्याला झिडकारण्याआधी त्याला ओळखायला वेळ मिळवून देणं, हाही मोठा उपकार आहे, आणि तो एका पाकळीनेसुद्धा करता येतो.