कानडोहची पहिली हाक

कानडोहच्या सरकारी विद्यापीठात पदवीदानाच्या दिवशी प्रत्येक नाव तीनदा पुकारतात. पहिल्या हाकेला कुणी जागचे हलत नाही, दुसरीलाही नाही. तिसरीला विद्यार्थी उठतो. चार जिल्ह्यांची महाविद्यालये या विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे समारंभ पार दिवे लागेपर्यंत चालतो. पण हाका कमी केलेल्या नाहीत. मंडपामागे डोह आहे आणि डोहाच्या वाटेवर नामवंत माजी विद्यार्थ्यांची भिंत. न्यायाधीश, शास्त्रज्ञ, कबड्डीपटू, एक राज्यपालसुद्धा, अशांची नावे काळ्या पाट्यांवर कोरलेली आहेत. पहिली पाटी मात्र कोरी आहे.

"ही करायची राहिली का, आज्जी?" सहलीला आलेल्या एका मुलीने विचारले.

"राहिली नाही गं. ठेवलीय," हौसाआज्जी म्हणाल्या. त्या गावातल्याच. डोहाकडे पाठ करून त्या कधी बसत नाहीत. त्यांनी सांगितले ते असे.

डोह साती आसरांचा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बायांचा. गावाने विद्यापीठाला जमीन दिली ती एकाच अटीवर, असे सांगतात: आधी आसरांची ओटी, मग माणसांचा मान. पहिल्या पदवीदानाला खण, नारळ, तांदूळ, सगळे सुपात तयार होते. तेवढ्यात पाहुण्यांची मोटार आली. "ओटी मागून भरू, साहेब ताटकळतील," असे कुणीतरी म्हणाले आणि सूप खुर्चीखाली सरकवले.

त्या वर्षी गावातली दोन भावंडे पदवी घेणार होती, कोळ्याचा भागोजी आणि त्याची धाकटी बहीण. भागोजी मध्ये एकदा नापास झाला होता, म्हणून दोघे एकत्र आले. "घाम पुस, दादा, आज पेपर नाहीये," ती त्याला चिडवत होती. घरून निघताना आईने दोघांना बजावले होते, "पाण्याजवळ पहिल्या हाकेला ओ देऊ नका. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं. त्या नाही मारत."

"भागोजी!"

आवाज हुबेहूब आईचा होता, आणि तो मागून आला. मंचावरचे नावे पुकारणारे गृहस्थ तर अजून चष्मा पुसत होते. बहिणीने ते पाहिले. पण भागोजीने ओ दिली होती. मंचाकडे पाठ करून तो चालू लागला आणि सरळ पाण्यात शिरला. त्याचा काळा झगा पाण्यावर पसरला. कुणी पुढे होईना. आपलेही नाव येईल या भीतीने ज्याने त्याने तोंड दाबून धरले होते.

ती काठाशी धावली. "भागोजीदादा!" ती ओरडली, आणि तिच्याच आवाजात डोहही ओरडला. भागोजी आणखी आत गेला. तिने पुन्हा हाक मारली, तो पुन्हा आत गेला. तेव्हा तिला कळले की आपली हाकच त्याला ढकलते आहे. तिने ओठ मिटून घेतले. पाणी त्याच्या हनुवटीला लागले होते.

तिने हात जोडले. "ओटी आमची चुकली. माझ्यापाशी खण नाही, नाव आहे. ते घ्या. दादाला सोडा."

वारा नव्हता, तरी लव्हाळी हलली. मग पाण्यातून, आईच्याच आवाजात, तिचे नाव आले. एकदाच. फार मायेची हाक होती, म्हणे. आईचे शब्द कानात होते, आणि तरी तिने घाबरत ओ दिली. ते नाव आणि ती ओ डोहातच राहिली.

भागोजी खोकत काठावर आला. बहिणीला हाक मारायला गेला, तर त्याचे तोंड उघडेच राहिले. नाव आठवेना. तिची पाळी आली तेव्हा मंचावरचे गृहस्थही तसेच थांबले. संध्याकाळी आई दारात तिच्याकडे बघत राहिली. लेक ओळखीची, नाव ओठावर नाही. ती पुढे मोठी डॉक्टर झाली, डोंगरातल्या कितीतरी अडलेल्या बाळंतिणी तिने सोडवल्या. लोक तिला नुसते 'बाई' म्हणत.

"पण आज्जी, पहिल्या हाकेला कुणी उठायचंच नाही, तर ती मारायची कशाला?"

आज्जींनी पदर घट्ट ओढून घेतला. "ती हाक तुम्हा पोरांसाठी नसतेच, बाळ."

आजही पाहुणा कितीही मोठा असो, आधी ओटी भरतात. आजही पहिली हाक जाते तेव्हा आईबाप मुलांचे हात घट्ट धरून ठेवतात आणि सारा मंडप गप्प होतो. मग मागच्या डोहावरून एका मुलीचा घाबरा आवाज येतो, म्हणे, ज्याचे नाव पुकारले त्याच्या वतीने: "ओ."