आई आत, पिल्लू बाहेर

ऐक हं, सोन्या. गोठ्याच्या भिंतीत होतं एक भोक. भोकात राहायची गव्हाणी घुबडाची आई. आणि तिचं एवढंसं पिल्लू. तोंड पांढरं, डोळे काळे.

एकदा पिल्लू बाहेर डोकावलं. धप्प! खाली पडलं.

तेवढ्यात आली सगुणाकाकू. वर बघते तर आईचं पांढरं तोंड! "अगं बाई, घुबड! अपशकुन!" भोकात कोंबला गोणपाटाचा बोळा. घट्ट!

झालं! आई आत, पिल्लू बाहेर. आत आई पंख आपटते, धडधड धडधड. बाहेर पिल्लाला रडू येतं.

पिल्लू निघालं, लुटुलुटु लुटुलुटु.

"बोळ्या बोळ्या, निघ ना! आई माझी आत अडकली!"

बोळा म्हणाला, "मी नाही निघत. काकू ओढेल, तर निघेन."

लुटुलुटु लुटुलुटु. जोंधळ्याच्या कणगीला उंदरानं पाडलेलं भोक. काकू ते दोन्ही हातांनी दाबून बसलेली.

"काकू काकू, ओढ ना! बोळा निघत नाही, आई माझी आत अडकली!"

काकू म्हणाली, "मी नाही ओढत. हात काढला, तर उंदीर जोंधळे खाईल. मनीमावशी धावेल, तर ओढेन."

लुटुलुटु लुटुलुटु. मनीमावशी शेपटी चाटत बसलेली.

"मावशी मावशी, धाव ना! काकू ओढत नाही, बोळा निघत नाही, आई माझी आत अडकली!"

मनीमावशी म्हणाली, "मी नाही धावत. उंदीरमामा पळेल, तर धावेन."

लुटुलुटु लुटुलुटु. पाय दुखले, तरी लुटुलुटु. उंदीरमामा कणगीमागेच दडून बसलेला.

"मामा मामा, पळ ना! मावशी धावत नाही, काकू ओढत नाही, बोळा निघत नाही, आई माझी आत अडकली!"

उंदीरमामा हसला. "मी नाही पळत. मी भितो फक्त तुझ्या आईला. ती फुसकारेल, तर पळेन."

आई तर आत! आता कुणाकडे जायचं? पिल्लू खाली बसलं. खूप खूप रडलं.

घुबडाचं पिल्लू रडतं कसं? स्स्स्स! स्स्स्स! अगदी आईसारखं.

उंदीरमामा दचकला. पळाला, सुर्रर्र!

मामा पळाला, मावशी धावली. मावशी धावली, काकू उठली. पिल्लू फुसकारलं नि उंदीर पळाला, हे तिनं पाहिलं होतं. "अगं बाई! म्हणजे माझे जोंधळे ही घुबडंच राखत होती!" काकूनं ओढला, बोळा निघाला.

आई दिसली! पण आई उडेना. आपटून आपटून तिचा एक पंख दुखावला होता.

काकूचे डोळे भरले. "चुकलं गं माझं, बाई." तिनं पिल्लाला पदरात घेतलं. हळूच उचलून भोकात ठेवलं.

पिल्लू शिरलं आईच्या पंखाखाली. दुखऱ्या नाही हं. दुसऱ्या.