'माझी'च्या जागी 'जरा'

एकदा एक शब्द बदलला. एवढेच झाले. उत्सवाच्या आदल्या सकाळी नगरीत कमान उभी राहिली, तिच्यावरची निळी अक्षरे अजून ओली होती, आणि खालून जाणारी एक शिष्या ती वाचून दचकून थांबली.

ती नगरी एका ग्रंथकाराची होती. त्याला जाऊन फार काळ लोटला होता. त्याचा ग्रंथ इतका दुर्बोध की भले भले पंडित पहिल्या प्रकरणानंतर पाणी मागत. पण नगरीचा त्याच्यावर जीव मोठा. "कळत नाही, पण आपला आहे," असे लोक अभिमानाने सांगत. दर चैत्रात त्याचा जन्मोत्सव होई. शिष्या त्या दिवसाकडे वर्षभर डोळे लावून बसे. ग्रंथ तिला मुखोद्गत होता, पण त्याविषयी बोलायला एरवी कुणी सापडत नसे. निदान त्या दिवशी तरी कुणी बोलेल, एवढीच तिची आशा.

ग्रंथाचे पहिलेच वाक्य होते, 'वाचका, माझी कळ काढ.' म्हणजे माझी खोडी काढ, मला डिवच, माझ्याशी भांड. कमानीवर मात्र लिहिले होते, 'वाचका, जरा कळ काढ.' म्हणजे धीर धर, सोस, गप्प राहा. 'माझी'च्या जागी 'जरा'. तुम्ही म्हणाल, शब्दच तो. पण ज्या माणसाने दार उघडून 'या, भांडा' म्हटले, त्याच्याच तोंडून 'रांगेत थांबा' वदवायचे, याला काय म्हणावे?

उत्सवाचा भार एक व्यापारी वाहत असे. तो कमानीशी उभा राहून फुलांच्या माळा बांधून घेत होता. शिष्या त्याच्याकडे गेली. आवाज कापत होता, तरी गेली.

"शेठजी, वाक्य चुकलंय."

"चुकलं नाही, मीच बदलायला सांगितलं," व्यापारी शांतपणे म्हणाला. "बाहेरगावचे पाहुणे यायचे. वेशीतच 'माझी कळ काढ'? हे उत्सवाचं आमंत्रण झालं की कज्जाचं?"

"पण त्यांनी तसंच लिहिलंय."

"लिहिलं असेल. थोर माणसं रागाच्या भरात काहीबाही लिहून जातात. आपण लेकरांनी सांभाळून घ्यायचं."

"तुम्ही ग्रंथ वाचलाय का?"

"माझ्या देवघरात आहे तो. रोज हळदकुंकू वाहतो. तू वाहतेस?" माळा बांधणारे हसले. "जा बाई, पन्हं घे. आणि जरा कळ काढ."

कान तापलेल्या अवस्थेत शिष्या थेट आपल्या गुरूंकडे पोहोचली. वृद्ध गुरू ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"गुरुजी, हे मेलेल्या माणसाचं तोंड दाबणं आहे. जिवंत असते तर कमान मोडून टाकली असती त्यांनी. उद्या तुम्ही भर सभेत सांगा."

"काय सांगू?"

"की शब्द बदलला. की हा अपमान आहे. त्यांची बाजू घेणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

गुरूंनी सूप तिच्याकडे सरकवले. "येतो उद्या. तोवर शेंगा सोलू लाग."

दुसऱ्या दिवशी ग्रंथ रेशमी वस्त्रात बांधून चौरंगावर ठेवला होता. मानाचा हार घालण्यासाठी गुरूंना पाचारण झाले. ताशा कडाडला; शिष्या दरवर्षीप्रमाणे दचकली. गुरूंनी हार घेतला, मांडवाच्या खांबाला अडकवला, ग्रंथाचे वस्त्र सोडले, पाने उलटली, आणि समोर मांडी घालून बसत एका ओळीवर बोट ठेवले.

"अहो," ते ग्रंथालाच म्हणाले, "हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

ताशा थांबला.

"'शोक म्हणजे ओल्या लाकडाचा धूर, लाकूड वाळले की डोळे कोरडे.' इतकं सोपं असतं होय? तुमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं का? की गेलं, आणि आमच्यापासून लपवलंत? या वयात मला फसवू नका."

मांडवात कुजबुज उठली. "म्हातारा बहकला," कुणी म्हणाले. "ऊन लागलं असेल." व्यापारी हातात पेला घेऊन लगबगीने आला. "गुरुजी, पन्हं घ्या. बरं वाटेल."

शिष्येला संतापाने रडू येत होते. बदललेल्या शब्दाविषयी चकार शब्द नाही. उलट ज्याची बाजू घ्यायची, त्याचाच चारचौघांत पाणउतारा. ती उठून पुढे गेली.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा? मी तुम्हाला त्यांच्या बाजूनं बोलायला आणलं होतं."

"त्यांचंच तर ऐकतोय. माझी कळ काढ म्हणाले, काढली," गुरू म्हणाले. "तू कमानीशी भांडलीस, शेठजींशी भांडलीस, आता माझ्याशी भांडतेयस. ज्यानं बोलावलं, त्याच्याशी कधी? ही ओळ तुला पाठ आहे. पटते?"

शिष्येने गुरूंच्या बोटाखालच्या ओळीकडे पाहिले. म्हणाली, "आई गेली तेव्हा वाचली होती. नाही पटली. पण ते एवढे मोठे. वाटलं, माझीच समज तोकडी असेल. ग्रंथ मिटून ठेवला."

"पोरी, शेठजींनी हळदकुंकू वाहिलं, तू पाठांतर वाहिलंस. भाजी अळणी झाली असं कोण म्हणतं? जो पानावर बसलाय तो. नैवेद्याला कुणी अळणी म्हणत नाही, कारण तो कुणी खाऊन पाहिलेला नसतो. या माणसानं आपल्यासाठी ताट वाढलं होतं. आपण त्याचा नैवेद्य केला. कमानीवर शब्द काल बदलला. आपल्यात तो केव्हाच बदलला होता."

"मग आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मांडव भरलाय. त्यांना विचार."

शिष्या सभेकडे वळली. तिने ती ओळ मोठ्याने वाचली.

"मला हे पटत नाही," ती म्हणाली. "माझं लाकूड वाळलंय, तरी धूर आहे. मी चुकत असेन. तुमच्यापैकी कुणाला पटतं? किंवा नाही पटत? कुणी तरी बोला."

कुणी घसा खाकरला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. मागे कुणाचा तरी पेला लवंडला, आणि सगळ्यांनी मोठ्या सुटकेने तिकडे वळून पाहिले.

"पेल्याकडे काय बघता?" शिष्येचा आवाज आता कापत नव्हता. "मी वर्षभर या दिवसाची वाट पाहते. हारांची नाही. ज्यानं एक ओळ वाचली आणि ज्याला काहीतरी वाटलं, अशा एका माणसाची. एवढ्या मांडवात एकही नाही?"

कुणी हलले नाही. व्यापारी मात्र अजून चौरंगापाशीच उभा होता, पन्ह्याचा पेला तसाच हातात धरून. त्याची नजर उघड्या पानावर होती. हळदकुंकवाखाली रोज मिटलेला असणारा तो ग्रंथ त्याने आतून प्रथमच पाहिला असावा. ओठ हलवत त्याने ती ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग पेला खाली ठेवला आणि चौरंगासमोर बसला.

"वाळत नाही हो," तो ग्रंथाला म्हणाला. "माझा थोरला गेला. अजून वाळलेलं नाही."